शरणपूरची मुले

पवनीला पाहुणा आला म्हणजे त्याला प्रथम वैनगंगेवर न्यावयाचे, मग किल्ल्याचा दरवाजा दाखवावयाचा आणि उन्हे उतरली की जगन्नाथ टेकडीकडे वळावयाचे, असा आमच्याकडचा साधारण क्रम आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारत सरकारचे पुरातत्त्व खाते ह्या दोघांनी मिळून ही टेकडी खणली. तिच्या पोटातून एक मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडी कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत लहान लहान लेख सापडले. बहुतेक लेखांचा मजकूर एवढाच, की हे दान अमक्याचे, हे दान अमकीचे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी खांब दिला, कोणी त्यामधली आडवी शिळा दिली, आणि प्रत्येकाने आपले नाव त्यावर कोरून घेतले. त्यात बायांचीही नावे आहेत. देणाऱ्याला आपले नाव राहावेसे वाटते. त्यात वाईट काही नाही, आणि दगडाचीही त्याला हरकत नसते.

पण दान दगडाला न देता एखाद्या पोराला दिले तर? मग नाव कोठे कोरावयाचे?

हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु तो फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेलेला आहे. वाचकांपैकी कोणाचा भाचा, कोणाची पुतणी विलायतेत किंवा अमेरिकेत असेल. तिकडच्या पुष्कळ घरांत भिंतीवर एखाद्या आफ्रिकी मुलाचे छायाचित्र लावलेले असते. घरधनी दरमहा ठराविक रक्कम एका संस्थेकडे पाठवतो, त्या रकमेतून केनियातल्या किंवा मलावीतल्या त्या मुलाची शाळा आणि औषधपाणी चालते, आणि अधूनमधून मुलाचे पत्र येते. ह्याला ते लोक मुलाचे पालकत्व घेणे म्हणतात. रीत चांगली रुळलेली आहे आणि तिच्याविषयी बरेवाईट पुष्कळ बोलले जाते. मात्र ह्या रीतीच्या जन्मकथेतला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या नाशकात, गोदावरीच्या काठच्या गावात घडला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे. १८०७ साली इंग्रजांनी गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली आणि त्यांची लढाऊ गलबते आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांची जहाजे पकडू लागली. त्या जहाजांच्या तळघरांतून सुटलेली शेकडो मुले सिएरा लिओन येथे उतरवली जात. त्यांचे करावयाचे काय? लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीने एक तोड काढली. इंग्लंडातल्या धर्मशील माणसाने सालीना पाच पौंड सहा वर्षेपर्यंत द्यावे. त्यात एका मुलाचा सांभाळ व शिक्षण होईल, आणि देणगीदाराला त्या मुलाचे नाव ठेवण्याचा अधिकार मिळेल. म्हणजे पवनीच्या खांबावर जे कोरले जात होते ते आता पोराच्या अंगावर कोरले जाऊ लागले. ही टीका आज घरात बसून करणे सोपे आहे, हे मी जाणतो. तळघरात साखळीला बांधलेल्या मुलाला आधी घास हवा असतो. नावाचा विचार मागाहून. तरीपण पाच पौंडांच्या पावतीवर एक नाव लिहिले जाई आणि दुसरे पुसले जाई, हेही खरेच. १८२२ साली सुटलेल्या अजायी नावाच्या एका योरुबा मुलाचा १८२५ साली बाप्तिस्मा झाला, तेव्हा लंडनच्या एका पाद्र्याचे नाव त्याला मिळाले. तोच पुढे १८६४ साली बिशप झालेला सॅम्युअल क्राउदर. त्याने ‘अजायी’ टाकून दिले नाही, इंग्रजी नावाशेजारी ठेवले. सर्वांना तेवढे जमले नाही.

पूर्व किनाऱ्यावर हीच कथा निराळ्या रस्त्याने गेली. झांजिबारहून अरबस्तान आणि इराणी आखाताकडे जाणाऱ्या गलबतांतून गुलाम नेले जात. इंग्रजी जहाजांनी अशी गलबते पकडली की सुटलेली माणसे कधी एडनला, कधी सेशेल्स बेटांवर आणि पुष्कळदा मुंबईला आणीत. मुंबईत ती पोलीस कमिशनरच्या ताब्यात जात. कोणी घरकामाला ठेवला जाई, कोणी मिशनकडे दिला जाई. त्याच चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली नाशिकजवळ शरणपूर नावाची वसाहत वसवली होती, आणि १८६० च्या सुमारास मुंबईतली ही आफ्रिकी मुले तेथे आणण्यात आली. रेव्हरंड प्राइस हे वसाहतीचे प्रमुख. नाशकातला शरणपूर रोड आजही सर्वांच्या तोंडी आहे. त्या रस्त्याने जाताना ह्या मुलांची आठवण कोणाला होत असेल असे वाटत नाही. शरण आलेल्यांचे गाव म्हणून शरणपूर. ज्या पवनीत बुद्धाला शरण गेलेल्यांची नावे दगडावर आहेत तेथल्या माणसाला ह्या शब्दाशी थोडे अडखळावेसे वाटते, एवढेच.

शरणपुरात मुलांना लिहिणे-वाचणे, बायबल आणि त्याबरोबर लोहारकी, सुतारकी यांसारखे धंदे शिकवीत. शिक्षण कष्टाचे होते, पण पोकळ नव्हते. हातात कसब येत होते. जी गोष्ट जात होती ती निराळी. मुले मूळची यावो आणि अशाच इतर जमातींची. त्यांची आता नावे झाली जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, एडवर्ड गार्डनर. जन्मभाषा विसरत चालल्या. इंग्लंडात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणू लागले. नाशिकचे असे नाव सातासमुद्रापार गेले, ते द्राक्षांमुळे नव्हे किंवा सिंहस्थामुळे नव्हे, ते ह्या पोरांमुळे!

आणि ते गाजले डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्यामुळे. हे थोर प्रवासी १८६४ च्या जून महिन्यात ‘लेडी न्यासा’ नावाची आपली लहानशी आगबोट स्वतः हाकीत झांजिबारहून थेट मुंबईला आले. त्यांच्याबरोबर चुमा आणि विकातानी असे दोन आफ्रिकी मुलगे होते. त्यांना मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवून ते विलायतेस गेले, १८६५ साली परतले, आणि पुढच्या सफरीसाठी शरणपुरातून नऊ तरुण निवडले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून निघाली. ह्या नऊ जणांबद्दल डॉक्टरांनी रोजनिशीत चांगले थोडे आणि तक्रारी पुष्कळ लिहिल्या आहेत. ते आळशी, ते चोरटे, असे म्हटले आहे. उपकार केलेल्या मुलांनी देवदूतासारखे वागावे अशी अपेक्षा दात्यांची त्या काळीही होती, असे म्हणून सोडून द्यावे. विकातानीची गोष्ट मात्र वेगळी. न्यासा सरोवराजवळ पोचल्यावर त्याने आपले नातलग येथे सापडल्याचे सांगितले आणि मला राहू द्या म्हणून रजा मागितली. डॉक्टरांनी ती दिली. मुंबईच्या शाळेत शिकलेला हा पोरगा तेथेच राहिला. इतिहासकारांनी त्याला एका ओळीत उरकले आहे. मला तर वाटते, त्या सबंध सफरीत घरी पोचला तो एवढा एकटाच.

पुढे १८७२ साली शरणपूरच्या आणखी सहा तरुणांची तुकडी स्टॅन्ले यांनी पाठवलेल्या माणसांबरोबर डॉक्टरांना जाऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी, आजच्या झांबियात चितांबो गावी, डॉ. लिव्हिंग्स्टन पहाटे गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेले आढळले. भोवती एकही गोरा माणूस नव्हता. प्रेत तेथेच पुरून वाटेला लागावे, हे सर्वांत सोपे होते. कोणी बोल लावला नसता. ते ह्यांनी केले नाही. हृदय आणि आतडी एका मोठ्या झाडाखाली पुरली, देह उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली जेकबने, कारण इंग्रजी वाचता येणारा तो. सामानाची यादी लिहिली तीही जेकबने. आणि मग चाकू घेऊन त्याने झाडाच्या बुंध्यावर डॉक्टरांचे नाव व तारीख कोरली, आणि जोडीला प्रमुख सोबत्यांची आफ्रिकी नावे कोरली.

शरणपुरात शिकलेली अक्षरे अशी कामाला आली.

हजाराहून अधिक मैलांची वाट, वाटेत रोगराई, लढाया, प्रेत नेऊ न देणारी गावे. वाटेत उन्यान्येंबे येथे कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. येथेच पुरून टाका, असा त्याने सल्ला दिला. हमालांनी तो मानला नाही. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते बागामोयोच्या किनाऱ्याला पोचले. तेथे त्यांना मजुरी चुकती करून निरोप देण्यात आला. जेकबला मात्र मिशनच्या खर्चाने देहाबरोबर पाठवले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये डॉक्टरांच्या पेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत नाशिकचा हा विद्यार्थी होता. चुमा आणि सुसी यांना नंतर विलायतेस बोलावले, पण तोपर्यंत अंत्यविधी होऊन गेला होता. हमालांसाठी भूगोल मंडळाने पदके पाडली. ती तयार होईतो पुष्कळजण कोठल्या कोठे पांगले होते.

ह्या सर्व गाजावाजाचा शरणपुरावर परिणाम झाला तो उलटाच. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या खटपटीने १८७३ साली झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला. सुटलेल्या माणसांची सोय आता आफ्रिकेतच करावी असे ठरले. प्राइससाहेबांना मोंबासाला पाठवले आणि त्यांनी १८७५ साली समोरच्या किनाऱ्यावर फ्रीअर टाउन वसवले. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम बंद झाला. मुंबई इलाख्यात वाढलेले सुमारे दीडशे आफ्रिकी तिकडे गेले. तेथल्या लोकांनी त्यांचे नाव ठेवले ‘बॉम्बे आफ्रिकन’. बघा, हिंदुस्थानात ते आफ्रिकी म्हणून परके, आणि आफ्रिकेत मुंबईकर म्हणून! शाळा त्यांनी चालवल्या, उपदेश त्यांनी केले, लोहाराचे आणि सुताराचे काम त्यांनी केले. विल्यम जोन्स तर पाद्री झाला आणि १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांच्या शेवटच्या प्रवासातून वाचलेली माणसे परत घेऊन आला. पण पगाराचा आणि मानाचा प्रश्न निघाला की गोऱ्या पाद्र्यांशी खटके उडत. मोंबासात त्या जागेला आजही केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. त्या घंटेचा मनोरा अजून उभा आहे.

आपल्याकडे गरीब मुलाला पोसण्याची एक जुनी रीत होती, वार लावून जेवण्याची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे करून मुलगा शिकत असे. घास समोर बसून खायचा असल्याने वाढणारीचा चेहरा दिसे, क्वचित अपमानही होई. पण मुलाचे आडनाव कोणी बदलत नसे आणि सुटी लागली की तो आपल्या गावी जाई. ही सोय बहुतांशी एकाच जातीपुरती होती, हेही सांगितले पाहिजे. ते कुंपण राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे काढून आणि भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवून मोडले.

तिकडे विसाव्या शतकात पालकत्वाची पद्धत पुन्हा नव्याने पसरली. १९३७ साली स्पेनच्या यादवीतल्या मुलांसाठी, १९३८ साली चीनमधल्या मुलांसाठी, मग कोरियातल्या. १९७२ साली इंग्लंडात एक संस्था निघाली, ती पुढे अ‍ॅक्शनएड म्हणून नावारूपाला आली. तिच्या आरंभीच्या ८८ मुलांपैकी काही केनियातली होती आणि काही आपल्या भारतातली. नाव बदलण्याची अट तोवर गेली होती. पण दुसरी अडचण लवकरच दिसली. एका झोपडीत पाच मुले, त्यात छायाचित्रातले एकच. त्याला बूट आले आणि भाऊ अनवाणी राहिला तर त्या घरात काय होते, हे कोणत्याही आईला विचारावे. म्हणून कित्येक संस्थांनी पैसा एका मुलाकडे न देता गावाची विहीर आणि गावाची शाळा ह्यांवर खर्च करावयास आरंभ केला. केनिया सरकारने २००४ पासून पोरक्या मुलांना सांभाळणाऱ्या घरांनाच, म्हणजे बहुधा आजीला नाहीतर मावशीला, रोख रक्कम देण्याचा प्रयोग सुरू केला आणि तो वाढवत नेला. आपल्या राज्याची बालसंगोपन योजनाही ह्याच जातीची आहे. मूल घरातच राहते, मदत घरापर्यंत जाते. आपण मात्र अशा कामांना अजून ‘दत्तक पालक’ असे नाव देतो. दत्तक म्हटले की गोत्र बदलले, आडनाव बदलले, जुने घर सुटले. शब्द बदलला तर बरे होईल.

जेकब वेनराइट १८९२ साली आजच्या टांझानियातील उरांबो येथे वारला. त्याच्या बरोबरीचा मॅथ्यू वेलिंग्टन फार जगला. डॉक्टरांचा देह वाहून नेणाऱ्यांपैकी शेवटचा म्हणून मोंबासात त्याला लोक पाहावयास जात. १९३५ साली तो गेला. त्याचे मूळचे यावो नाव मात्र लिहून ठेवलेले आहे. ते चेंगविंबे असे होते.