पांढऱ्या शिरांची हकीकत

बकऱ्याची आतडी साफ होताना आपण पाहिली असतील, तर ती एकत्र धरून ठेवणारा पातळ पडदाही आपल्या ओळखीचा असेल. आजची हकीकत त्या पडद्यापासून सुरू होते.

२३ जुलै १६२२ रोजी गास्पारे आसेल्ली हे इटलीतील शल्यचिकित्सक काही मित्रांसमोर एका जिवंत कुत्र्याचे विच्छेदन करीत होते. (त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती, वाचताना अंगावर काटा येतो खरा.) त्या पडद्यावर त्यांना पांढऱ्या दोऱ्यांचे जाळे दिसले. मज्जातंतू असतील असे वाटले, पण एक कापताच आतून दुधासारखा रस आला. पुढे दुसरा कुत्रा उघडला, तर तेथे काहीच दिसेना! कारण साधे होते. पहिला कुत्रा पोटभर खाल्लेला होता, दुसरा उपाशी. आतडी अन्नातील चरबी शोषून घेतात तेव्हाच ह्या वाहिन्या पांढऱ्या होतात. एरवी त्यातला रस पाण्यासारखा असतो.

अन्नाचा रस यकृतात जातो व तेथे त्याचे रक्त बनते, असे गॅलेनने दुसऱ्या शतकात लिहून ठेवले होते. आसेल्लींनीही आपल्या वाहिन्या यकृताकडेच नेल्या. डोळ्यांपेक्षा ग्रंथावर विश्वास अधिक! ही चूक दुरुस्त केली झाँ पेके ह्या फ्रेंच तरुणाने. आसेल्लींच्या शोधाच्याच वर्षी त्याचा जन्म झाला होता, आणि १६५१ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा तो अजून विद्यार्थीच होता. हा रस यकृतात न जाता एका नळीने छातीतून वर चढतो व मानेच्या तळाशी रक्तात मिसळतो, हे त्याने कुत्र्यात दाखविले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये २१ वर्षांच्या ओलोफ रुडबेकने लसीकावाहिन्या राणी क्रिस्टिनासमोर मांडल्या. डेन्मार्कच्या थोमास बार्थोलिन यांनी १६५३ साली त्यांना नाव दिले, आणि गंमत म्हणून पदच्युत यकृताचा मृत्युलेखही लिहिला. श्रेय कोणाचे ह्यावरून दोघांत मोठा वाद झाला. तो येथे नको.

आता पाठ्यपुस्तकातील आकृती पाहा. नळी एकच, पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाने चढते, छातीच्या मध्यावर डावीकडे वळते आणि डाव्या मानेच्या तळाशी शिरेस मिळते. अनेक माणसांत ती अशी नसते. कोठे नळ्या दोन, कोठे मध्येच फाटे फुटून पुन्हा एकत्र, कोठे शेवट उजवीकडे. गर्भावस्थेत डावी व उजवी अशा दोन नळ्या आडव्या फांद्यांनी जोडलेल्या असतात. त्यांतील कोणता भाग टिकेल हे प्रत्येक शरीरात सारखे ठरत नाही.

ह्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत शेजारची ही नळी नकळत कापली गेली, तर रोज लिटर-दोन लिटर रस छातीत साचू शकतो. त्याबरोबर चरबी, प्रथिने आणि रोगांशी लढणाऱ्या पेशी निघून जातात. पूर्वी अशा रुग्णांपैकी सुमारे निम्मे दगावत. १९४८ साली लॅम्पसन यांनी नळी बांधून टाकण्याचा उपाय यशस्वी करून दाखविला. नळी बांधली तर रस जाणार कोठून? त्याच अनियमित आडफाट्यांतून! जी रचना शल्यचिकित्सकाला चकविते, तीच रुग्णाला वाचविते.

नळ्या किती आहेत ह्याची खात्री नसते, म्हणून पुष्कळ शल्यचिकित्सक एकच नळी शोधीत बसत नाहीत. मध्यपटलाच्या किंचित वर, महारोहिणीच्या शेजारची सारी ऊती एकत्रच बांधतात. शिवाय शस्त्रक्रियेनंतर रुग्ण उपाशी असतो, त्यामुळे गळती झाली तरी छातीतील रबरी नळीतून येणारा द्रव पांढरा दिसत नाही, आणि पोटात दूध जाऊ लागले की दिसतो. म्हणूनच काही ठिकाणी शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला साय किंवा ऑलिव्ह तेल देतात. आसेल्लींच्या पोटभर खाल्लेल्या कुत्र्याप्रमाणे मग नळी पांढरी होऊन डोळ्यांना दिसते.