अनोळखी सिस्टम फाइल दिसली? उडवण्याआधी एवढं तपासा

कॉम्प्युटर अचानक हळू चालायला लागतो. घरातलं कोणीतरी टास्क मॅनेजर उघडतं, 'डिटेल्स'वर क्लिक करतं आणि तिथे 'एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई' हे एकच नाव कितीतरी वेळा दिसतं. मग शंका येते, व्हायरस तर शिरला नाही ना? एक जण म्हणतो उडवून टाक, दुसरा म्हणतो हातच लावू नको.

याच कॉम्प्युटरवर मुलांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, बँकेचे व्यवहार, आधार आणि पासपोर्टच्या स्कॅन कॉपी असतात. खरी फाइल उडवली तर विंडोज बिघडतं. खोटी राहू दिली तर पासवर्ड चोरीला जाऊ शकतात. म्हणून अंदाजाने काही करू नका, आधी तपासा.

ही फाइल असते कशासाठी?

विंडोजमध्ये इंटरनेट, आवाज, अपडेट, प्रिंटर अशी अनेक कामं पडद्यामागे चालू असतात. त्यांना 'सर्व्हिस' म्हणतात. यातल्या बऱ्याच सर्व्हिस स्वतःहून चालू शकत नाहीत, त्यांना चालवणारी फाइल म्हणजे एसव्हीसीहोस्ट. विंडोज २००० पासून ती आहे. पूर्वी एकाच एसव्हीसीहोस्टमध्ये अनेक सर्व्हिस एकत्र चालायच्या. २०१७ च्या विंडोज १० अपडेटनंतर, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या कॉम्प्युटरवर बहुतेक सर्व्हिस वेगवेगळ्या चालतात. म्हणूनच हे नाव पन्नास-साठ वेळा दिसलं तरी त्यात गैर काही नाही.

खोटी अफवाही नुकसान करते

२००२ साली जगभर एक ईमेल फिरला. टेडी बेअरचं चित्र असलेली 'जेडीबीजीएमजीआर' नावाची फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर असेल तर तो व्हायरस आहे, अँटीव्हायरसला तो सापडत नाही, लगेच उडवा आणि सगळ्यांना कळवा, असं त्यात लिहिलं होतं. लोकांनी शोधलं तर फाइल खरंच सापडली! पण ती मायक्रोसॉफ्टचीच होती, जावा प्रोग्रामच्या कामाची. व्हायरस वगैरे काही नव्हतं, लोकांनी स्वतःच्या हाताने चांगली फाइल उडवली. आज असाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. 'फाइल सापडली' याचा अर्थ 'व्हायरस सापडला' असा होत नाही.

तपासायचं कसं?

१. नाव अक्षर-अक्षर वाचा. खोट्या फाइली खऱ्या नावाची नक्कल करतात. 'एस-व्ही-सी'च्या जागी 'एस-सी-व्ही', किंवा इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य. पण नाव बरोबर आहे एवढ्यावर थांबू नका, नाव कोणालाही देता येतं.

२. जागा पाहा. 'डिटेल्स'मध्ये फाइलवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरी फाइल सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत 'सिस्टम३२' मध्ये असते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'सिसवाऊ६४' मध्येही तिची एक प्रत असते. तीच फाइल 'डाउनलोड्स', 'टेम्प' किंवा 'अ‍ॅपडेटा'मधून चालताना दिसली तर धोका समजा.

३. डिजिटल सही पाहा. फाइलवर राइट क्लिक, मग 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. तिथे मायक्रोसॉफ्टचं नाव आणि सही वैध असल्याचा उल्लेख हवा. मात्र विंडोजच्या काही खऱ्या फाइलींची सही वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असते, त्यामुळे हा टॅब दिसला नाही म्हणून लगेच फाइल खोटी ठरवू नका. उलट चोरलेल्या सह्याही वापरल्या गेल्या आहेत. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटमध्ये दोन नामांकित कंपन्यांच्या सह्या चोरून वापरल्या होत्या. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

४. व्हायरसटोटलवर टाकून पाहा. ही गुगलच्या मालकीची मोफत वेबसाइट आहे. एकच फाइल ती डझनावारी अँटीव्हायरसकडून तपासून घेते. एक-दोघांनीच लाल खूण दिली तर ती चूकही असू शकते, पण बहुतेकांनी दिली तर फाइल धोक्याचीच. एक लक्षात ठेवा: तिथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही मिळते. आधार, पासबुक, घरचे फोटो तिथे टाकू नका.

५. पूर्ण स्कॅन करा. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', मग 'स्कॅन ऑप्शन्स'. तिथला 'ऑफलाइन स्कॅन' कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे लपून बसलेला व्हायरसही सापडू शकतो. चालू काम आधी सेव्ह करा.

फाइल खोटी निघाली तर

आधी इंटरनेट बंद करा आणि ऑफलाइन स्कॅन चालवा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, दुसऱ्या सुरक्षित फोनवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं कठीण.

हे करू नका

'सिस्टम३२' मधली फाइल हाताने उडवू नका. एखादी फाइल हरवली किंवा बिघडली तर कुठल्याही वेबसाइटवरून ती डाउनलोड करू नका. विंडोजमध्येच 'सिस्टम फाइल चेकर' नावाची सोय आहे, ती बिघडलेल्या फाइली दुरुस्त करते. जमत नसेल तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला हेच नाव सांगा.

'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट स्वतःहून असे फोन करत नाही. असे लोक कॉम्प्युटर दुरून चालवायचं अ‍ॅप टाकायला सांगतात, आणि मग खरी फाइलच दाखवून घाबरवतात.

फोनवरही हाच नियम. लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, अ‍ॅप आहे. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, आधी त्या माणसाला फोन करून विचारा. घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना हे आजच सांगून ठेवा.