उमेदवारीची विद्या



आपल्या मीरा-भाईंदरमध्ये दुपारच्या वेळी एखाद्या नव्या इमारतीच्या जिन्यात उभे राहिले, तर करवतीचा आवाज हटकून कानी पडतो. कोणीतरी नवे घर घेतलेले असते. आत सुतार, रंगारी, फरशीवाला, वायरमन यांची धांदल चाललेली असते आणि त्यांच्या मधोमध हातात नकाशा घेऊन एखादा तरुण किंवा तरुणी उभी असते. जेथे एके काळी बरीचशी मिठागरे आणि भातखाचरे होती, तेथे १९८५ साली नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली. घरे वाढली, तशी घर आतून मांडून देणाऱ्यांची गरजही वाढली. आज आपलीच मुले आपल्याला विचारतात, इंटीरियर डिझाइन शिकू का? उमेदवारी कोठे करू? आणि पुढे परदेशी जाऊ का? फी भरायची आईबापांनी, कर्ज काढायचे तेही त्यांनीच. तेव्हा या प्रश्नांचे उत्तर नीट शोधले पाहिजे. हे तिन्ही प्रश्न नवे वाटतात खरे, पण मुंबईत ते फार पूर्वीच उभे राहिले होते. त्यांची हकीकत आज आपणांपुढे ठेवावी असा माझा हेतू आहे.

१८५३ साली सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशिक्षणासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८६५ साली लॉकवुड किपलिंग हे गृहस्थ तेथे शिकवावयास आले. इमारतीवरील शिल्पकाम हा त्यांचा विषय. त्या वेळी मुंबईचा कोट पाडून नवे शहर उभारले जात होते आणि शाळेच्या भिंतीबाहेरच कामाचा डोंगर पडला होता. क्रॉफर्ड मार्केटवरील उठावाची चित्रे किपलिंग यांची. पुढे १८७८ ते १८८८ या काळात बोरीबंदरचे भव्य स्थानक बांधले गेले. तेथील कोरीव पाने, फुले, पशुपक्षी यांत जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखालील विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता. आपण आजही लोकल गाठण्याच्या घाईत ज्या खांबांजवळून धावतो, त्यांवर कुणाची तरी उमेदवारी कोरलेली आहे! वर्गात गिरवलेली रेघ दगडात कशी उतरते, हे त्या मुलांनी छिन्नी हाती घेऊनच जाणले.

१८९१ साली याच शाळेला लॉर्ड रे यांच्या नावाचे कारखाने जोडले गेले. यंत्राच्या स्वस्त मालापुढे पिढीजात कारागिरी बुडत चालली होती. तिला आसरा द्यावा हा त्यामागचा विचार. लाकडावरील कोरीवकाम, धातुकाम, गालिचे विणणे असे उद्योग तेथे शिकवले जात. घराच्या आतल्या सजावटीला लागणारी बहुतेक विद्या अशा रीतीने एका आवारात आली. पण आपल्या समाजाची एक जुनी खोड आडवी आली. आपण चित्रकाराला मान देतो आणि सुताराला मजुरी देतो. एका आवारात राहूनही डोके आणि हात यांची सोयरीक पुरती जुळली नाही, आणि आजही ती जुळली आहे असे मला म्हणवत नाही.

ती जुळली की काय होते, याचे एक सुंदर उदाहरण सापडते. १९२४ साली लंडनजवळ वेम्बली येथे मोठे साम्राज्य-प्रदर्शन भरले. त्या वेळी कलाशाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन हे होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या प्रदर्शनासाठी एक संपूर्ण भारतीय दालनच सजवून पाठवले. चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांनी मिळून एक खोली घडवावी, आणि ती साता समुद्रांपलीकडे लोकांनी पाहावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपली मुले परदेशी शिकावयास जाण्याच्या कितीतरी आधी आपले दालन परदेशी गेले होते, हे विसरू नये.

याच शाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुकलेचे शिक्षण मूळ धरू लागले. त्या दिवसांत अनेक विद्यार्थी दिवसा एखाद्या वास्तुकाराच्या कचेरीत नकाशे काढीत आणि उरलेल्या वेळात वर्गाला बसत. आज ज्याला मुले ‘इंटर्नशिप’ म्हणतात, ती तेव्हा पोटाची गरज होती. १९१७ साली तेथील माजी विद्यार्थ्यांनी आपली एक संघटना काढली आणि तिचीच १९२९ साली ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे क्लॉड बॅटले हे या विभागाचे प्रमुख होते. ते स्वतः चालत्या कचेरीचे भागीदार. जुन्या इमारती प्रत्यक्ष मोजून त्यांचे नकाशे काढणे, हा त्यांच्या शिकवणीचा कणा होता. आधी मोजावे, मग आखावे. हा धडा पुस्तकातून मिळत नाही, हातात टेप घेऊन उन्हात उभे राहिल्यावरच मिळतो.

आणि लोकांना या विद्येची भूक होती काय? अवश्य होती. १९३७ साली याच वास्तुकारांच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले. सुमारे एक लाख माणसे ते पाहावयास लोटली. चाळीच्या दोन खोल्यांतून फ्लॅटमध्ये जाऊ पाहणारा मध्यमवर्ग त्या वेळी नुकताच जागा होत होता. आदर्श घर कसे दिसते, हे तो डोळे भरून पाहत होता.

आता परदेशाकडे वळू. कोकणातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे १९४२ साली बॅटले यांच्या हाताखालून तयार होऊन बाहेर पडले. दुसऱ्याच वर्षी ते सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेत नोकरीस लागले. सरकारने त्यांना १९४५ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे पाठवले. तेथे त्यांना गुरू मिळाले ते वॉल्टर ग्रोपियस. या ग्रोपियस यांनी १९१९ साली जर्मनीत ‘बाउहाउस’ नावाची शाळा काढली होती. तेथील कार्यशाळांत विद्यार्थ्याला एक कलावंत गुरू आणि एक कारागीर गुरू, असे दोघे जण शिकवीत. म्हणजे आमच्या कलाशाळेच्या आवारात जी सोयरीक अर्धवट राहिली होती, तीच तेथे शिक्षणाचा पाया झाली होती. कानविंदे १९४७ साली परतले आणि कानपूरच्या आयआयटीसारख्या संस्थांच्या इमारतींवर त्यांनी आपली छाप उमटवली. ते रिकाम्या हाताने गेले नाहीत, हे मला आवर्जून सांगायचे आहे. पदरी शिक्षण होते, कामाचा अनुभव होता, आणि परत येऊन काय उभारायचे याची जाण होती. म्हणून जे पाहिले ते त्यांच्या अंगी लागले.

याच्या उलट दिशेचा प्रवासही घडला. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. साऱ्या देशात हिंडून त्यांना सर्वांत मोलाची वाटली ती वस्तू कोणती? आपला लोटा! तो हातात कसा बसतो, डोईवर कसा तोलतो, त्यातून पाणी कसे ओतते, याचा त्यांनी बारकाईने विचार मांडला. त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आपल्या मोरीतला लोटा ओळखायला अमेरिकेहून पाहुणा यावा लागला, याची थोडी लाज वाटली तरी हरकत नाही. धडा मात्र घ्यावा.

आज काय स्थिती आहे? १९७२ च्या कायद्याने वास्तुकाराच्या नावाला संरक्षण आहे, नोंदणी आहे. त्याच वर्षी सजावटकारांचीही संघटना मुंबईत स्थापन झाली. पण सजावटकाराच्या पाटीला तसा कायदा नाही. कोणीही पाटी लावू शकतो. आता विचार करा, आपल्या लहानशा घरात जागा वाढवण्यासाठी कोणी भिंत काढायला सांगतो. तिच्यात खांब आहे की नाही, वर तुळई कोठून गेली आहे, हे त्याला कळत नसेल, तर धोका त्या एका घराला नाही. वरच्या-खालच्या सर्व बिऱ्हाडांना आहे. तेथे सुंदर चित्र काही कामाचे नाही.

म्हणून आईबापांना माझे सांगणे एवढेच आहे, की महाविद्यालयाची इमारत पाहू नका, तेथील कार्यशाळा पाहा. लाकडाचा भुसा जमिनीवर दिसतो का, मुलांच्या हाताला रंग लागलेला असतो का, ते पाहा. आणि मुलांना सांगतो, की उमेदवारी म्हणजे दाखल्यावरचा शिक्का नव्हे. चार महिने एखाद्या सुतारमिस्त्रीच्या शेजारी बसा, त्याला गुरू म्हणा. त्याच्यापाशी पदवी नसेल, पण सागाचा रेषा कोणीकडे जातो आणि कोठे चिरतो हे त्याला ठाऊक आहे. त्यानंतर परदेशी खुशाल जा. बोरीबंदरच्या दगडावर ज्यांनी हात चालवला, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु त्यांचे काम सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उभे आहे. आपल्या मुलांनी मांडलेले घर निदान त्यात राहणाऱ्याच्या आयुष्याला पुरावे, एवढी अपेक्षा ठेवणे काही फार नाही.