आरशांच्या गोलाखालचा आसरा

१/ १४ फेब्रुवारी १९७०. न्यूयॉर्कमधील ६४७ ब्रॉडवे येथील आपल्या राहत्या जागेत डेव्हिड मॅन्कुसो याने मित्रमंडळींना नृत्यासाठी बोलावले. घरभाडे सुटावे, हाही त्यामागे एक हेतू होता. पुढे ‘द लॉफ्ट’ या नावाने ख्यात झालेल्या या पार्ट्यांत डिस्को संस्कृतीचे बीज आहे.

२/ आखणी विचारपूर्वक होती. प्रवेश केवळ निमंत्रितांना, मद्यविक्री नाही, सजावटीला फुगे व आरशांचा गोल, ध्वनियंत्रणा मात्र उत्तमोत्तम. मॅन्कुसो अनाथालयात वाढला होता. तेथील एक नन मुलांसाठी फुगे लावून, तबकड्या वाजवून समारंभ करीत असे.

३/ या नियमांत सावधगिरीही होती. पुरुषांनी पुरुषांसोबत नाचणे म्हणजे तेव्हा पोलिसी छाप्याला आमंत्रण. स्टोनवॉलच्या उठावाला आठ महिनेही लोटले नव्हते. मद्यविक्री नसल्याने परवान्याचा जाच टळला. घराचा उंबरठा हेच कवच ठरले.

४/ तेथे कृष्णवर्णीय, श्वेतवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे, समलिंगी, भिन्नलिंगी असे सारे एकत्र नाचले. आज डिस्को पार्टी ठरली की प्रथम चमकदार कपडे आठवतात. मॅन्कुसोच्या योजनेत पहिला प्रश्न होता : येथे येणाऱ्याला निर्भयपणे नाचता येईल का?