सोळा कलमांचा कागद

३ डिसेंबर १९८४च्या पहाटे भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला श्वास घेता येत नव्हता. डॉक्टर होते, सलाईन होतं, खाटा कमी पडल्या तरी जमीन होती. पत्ता नव्हता तो एवढ्याच गोष्टीचा, की हा वायू कुठला आणि त्यावर उतारा काय. युनियन कार्बाइडचा कारखाना त्याच शहरात. विचारणा झाली तेव्हा तिथून उत्तर आलं, की वायू चुरचुरणारा आहे, डोळे पाण्याने धुवा.

त्या रात्री जी माहिती हवी होती, ती आज रसायनाच्या बरणीबरोबर कागदावर यावी अशी अपेक्षा असते. 'सेफ्टी डेटा शीट' हे त्या कागदाचं अधिकृत नाव. कारखान्यात आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत मात्र सगळे त्याला अजून जुन्या नावाने 'एमएसडीएस'च म्हणतात. त्यात सोळा कलमं असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. चौथं कलम प्रथमोपचाराचं, सहावं सांडलं तर काय करायचं याचं, सातवं हाताळणी आणि साठवणीचं, दहावं त्या रसायनाचं कशाकशाशी वाकडं आहे ते सांगणारं. घाईच्या वेळी पानं उलटत बसावं लागू नये, म्हणून हा क्रम.

या कागदाचा जन्म झाला जहाजदुरुस्तीच्या गोदीत. जहाजाच्या बंदिस्त पोटात रंग, द्रावकं, साफसफाईची रसायनं घेऊन काम करणारा माणूस तिथल्या तिथे गुदमरू शकतो. त्यामुळे अमेरिकेच्या कामगार खात्याने १९६०च्या दशकाच्या अखेरीस गोद्यांसाठी रसायनांच्या माहितीचा एक फॉर्म सक्तीचा केला. १९७०च्या कायद्याने 'ओशा' ही कामगार-सुरक्षेची संस्था जन्माला आली आणि तो फॉर्म तिच्याकडे गेला. गोदीबाहेरच्या कारखान्यांना मात्र तो बंधनकारक नव्हता. कंपन्यांचं म्हणणं असे, की घटक उघड केले तर धंद्याचं गुपित फुटतं. कामगार संघटनांचं म्हणणं असे, की गुपित तुमचं असेल, पण फुप्फुसं आमची आहेत. ही ओढाताण बरीच वर्षं चालली. फिलाडेल्फिया शहराने १९८१मध्ये माहितीच्या हक्काचा स्वतःचा कायदा केला. अखेर २५ नोव्हेंबर १९८३ रोजी ओशाने उत्पादन-कारखान्यांसाठी देशभर लागू होणारा नियम काढला. रसायनं बनवणाऱ्यांना तयारीसाठी दोन वर्षांची मुदत मिळाली.

ती मुदत संपण्याआधी भोपाळ घडलं.

माहिती नव्हती असं मात्र म्हणता येत नाही. मिथिल आयसोसायनेट, म्हणजे मिक, या द्रवावर युनियन कार्बाइडची स्वतःची १९७६ची पुस्तिका होती. हा द्रव ३९ अंशांच्या आसपास उकळतो, तो शून्य अंशाच्या जवळपास थंड ठेवावा, पाण्याशी त्याचा संबंध येऊ देऊ नये, हे कंपनीला पक्कं ठाऊक होतं. आजच्या भाषेत सातवं आणि दहावं कलम लिहून तयार होतं. तरीही ई-६१० या टाकीत सुमारे चाळीस टन मिक साठवलेलं होतं, ते थंड ठेवणारी यंत्रणा १९८४च्या जूनपासून बंद होती, आणि टाकीत पाणी शिरलं. कारखान्यातल्या सुरक्षेच्या सूचना इंग्रजीत होत्या. ज्यांनी त्या पाळायच्या, त्यांतल्या अनेकांना हिंदीच नीट समजत होती. शहराला तर कुठल्याच भाषेत काही सांगितलेलं नव्हतं.

हे सगळं मिक कशासाठी साठवलं होतं? एका भुकटीसाठी. कार्बारिल हे कीटकनाशक कार्बाइडने १९५८मध्ये 'सेव्हिन' या नावाने बाजारात आणलं आणि भोपाळमध्ये ते मिक आणि नॅफ्थॉल यांच्यापासून बनत असे. दुर्घटनेनंतर शेजारच्या ६११ क्रमांकाच्या टाकीत उरलेल्या मिकचं काय करायचं, हा प्रश्न होता. शास्त्रज्ञांनी ठरवलं, त्याचं सेव्हिनच करून टाकायचं. १६ डिसेंबरला कारखाना पुन्हा सुरू झाला. वरून हेलिकॉप्टर पाणी शिंपडत होती आणि लोक शहर सोडून निघाले होते. ज्या भुकटीसाठी एवढा अनर्थ झाला, तीच ते उरलेलं विष संपवायची सर्वांत सुरक्षित रीत ठरली.

उतारा म्हणून जिचं नाव पुढे आलं, तीही एक साधी पांढरी, खडीसाखरेच्या चुऱ्यासारखी दिसणारी वस्तू होती: सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणाऱ्यांच्या काळोख्या खोलीत तिला 'हायपो' म्हणत. शरीरात सायनाइड गेलं असेल तर थायोसल्फेटमधलं गंधक त्याला जोडलं जातं, थायोसायनेट तयार होतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. हीरेश चंद्र यांना शवविच्छेदनात सायनाइडची शंका आली होती. कंपनीच्या अमेरिकेतल्या वैद्यकीय विभागाने आधी या उपचाराची शक्यता कळवली आणि नंतर शब्द फिरवला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत १९८५च्या सुरुवातीला इंजेक्शनांनी आराम पडतो असं दिसलं, तरी इंजेक्शनं सगळ्या रुग्णांपर्यंत पोचली नाहीत. जून १९८५मध्ये ती देणाऱ्या एका लोकदवाखान्यावर पोलिसांनी छापा घातला. वैद्यकातला तो वाद पुढेही चालू राहिला. चौथं कलम वेळेवर हातात नसलं की काय होतं, याचा याहून ठसठशीत दाखला शोधायला दुसरीकडे जायला नको.

भारतात कागद उशिरा आला, डब्यावरची चिठ्ठी मात्र आधीच आली होती. १९५८मध्ये केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरावर माणसं दगावली. विष आणि अन्न एकाच जहाजातून, एकमेकांना लागून आलं होतं. त्यातून १९६८चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१च्या नियमांनी डब्यावर तो कोनावर उभा चौकोन आला, जो आज कृषी सेवा केंद्रात जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेला असतो. खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सर्वांत जहाल, त्या चौकोनाच्या वरच्या अर्ध्या भागात कवटी. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल अशी ही सोय होती.

भोपाळनंतर मात्र कायदे भराभर आले. १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देणं मालकाचं कर्तव्य ठरलं. १९८९च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनी सेफ्टी डेटा शीटचा नमुनाच जोडून दिला. अमेरिकेतही १९८६मध्ये शेजारच्या वस्तीला माहिती देण्याचा कायदा झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २००३मध्ये सगळ्या जगासाठी एक पद्धत छापली. लाल काठाचे चौकोन आणि सोळा कलमं तिच्यामुळे जगभर एकसारखी झाली.

हे सगळं कॉलेजच्या रसायनखोलीत कसं उतरतं? बरण्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दिसायला टापटीप, पण एस अक्षराच्या फळीवर सोडियम नायट्रेट, सोडियम थायोसल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल एका रांगेत येऊन बसतात. थायोसल्फेटवर आम्ल पडलं तर गंधक मोकळं होतं आणि सल्फर डायऑक्साइडचा उग्र वायू सुटतो. नायट्रेटबरोबर मिसळून तापवलं तर स्फोट होऊ शकतो. शिवाय हेच थायोसल्फेट ४८ अंशांना स्वतःतल्याच पाण्यात विरघळायला लागतं. मे महिन्यात भोपाळ काय किंवा नागपूर काय, पत्र्याखालची बंद खोली तिथवर सहज पोचते. म्हणून सातव्या कलमात लिहिलेलं असतं: थंड, कोरडी जागा, झाकण घट्ट. वाचताना हे शब्द गुळगुळीत वाटतात. प्रत्येकामागे कारण असतं.

भुकटीचं आणखी एक असतं. ती सांडली की हात आपोआप झाडूकडे जातो. कोरड्या झाडूने ती हवेत उडते आणि थेट नाकात जाते. सहावं कलम म्हणूनच ओल्या फडक्याने टिपायला सांगतं. आणि बरणीतून काढून ती बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात भरायची असेल, तर त्या डब्यावरही नाव लागलं पाहिजे. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो.

तेराव्या कलमाकडे, म्हणजे विल्हेवाटीकडे, तर कुणी बघतच नाही. भोपाळच्या बंद कारखान्यातल्या प्रयोगशाळेत बाटल्या फळ्यांवर वर्षानुवर्षं तशाच पडून होत्या. आवारातला कचरा, त्यात सेव्हिनचे आणि नॅफ्थॉलचे अवशेष, गोदामात साठून राहिला. १ जानेवारी २०२५च्या रात्री ३३७ टन कचरा बारा ट्रकांतून धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला निघाला, तेव्हा दुर्घटनेला चाळीस वर्षं झाली होती. पीथमपूरच्या लोकांनी कडाडून विरोध केला. उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तो जूनअखेर जाळून संपला. खुद्द सेव्हिनवर, म्हणजे कार्बारिलवर, भारताने २०१८मध्ये बंदी घातली.

२०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. डब्यांवर चौकोन होते, आत माहितीपत्रकंही होती. बारीक टायपातलं ते पत्रक शेताच्या बांधावर बसून कुणी वाचेल, ही अपेक्षाच मुळात कागदी होती. भोपाळमधली इंग्रजी सूचना आणि हे पत्रक, दोन्हींचं दुखणं एकच. मजकूर लिहिणाऱ्याची सोय बघून लिहिलेला असतो, वापरणाऱ्याची नाही.

तेव्हा शाळा-कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्यांनी, लहान कारखाना चालवणाऱ्यांनी, कृषी सेवा केंद्रवाल्यांनी एक करावं. सेफ्टी डेटा शीटची फाइल साहेबांच्या कुलूपबंद कपाटात असेल तर आधी बाहेर काढावी. आपल्याकडच्या प्रत्येक रसायनाची चौथं, सहावं, सातवं आणि दहावं ही चार कलमं साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावीत आणि रसायनखोलीच्या दाराला आतून नव्हे, बाहेरून चिकटवावीत. आग लागली किंवा वायू सुटला तर आत जाऊन वाचायला कुणी थांबणार नाही.