चवदार तळ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत : सार्वजनिक जागेत फोटो काढण्याचा आपला हक्क

"फोटो कोणाला विचारून काढतोस?"

भिवंडीत हौसेने फोटो काढणाऱ्या आपल्या कोणत्याही तरुणाला विचारा, हा प्रश्न त्याने ऐकलेला असतो. हातात मोबाईल असो की हप्त्यावर घेतलेला जुना कॅमेरा. गोदामाबाहेरच्या रस्त्यावर सुरक्षारक्षक विचारतो, नाक्यावर हवालदार विचारतो, कधी दुकानदार विचारतो. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "राहतोस कुठे? नाव काय? पूर्ण नाव सांग." पूर्ण नाव कशासाठी हवे असते, हे या ब्लॉगच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच रस्त्यावर महागडा कॅमेरा गळ्यात अडकवून आलेल्या पाहुण्याला मात्र लोक बाजूला होऊन जागा देतात.

म्हणजे भांडण कॅमेऱ्याचे नाही. भांडण आहे, रस्त्यावर उभे राहून पाहण्याचा अधिकार कोणाला, याचे. या भांडणाला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या चळवळीच्या इतिहासाशी जोडलेला आहे. फोटोग्राफीला 'श्रीमंतांचा छंद' म्हणून बाजूला टाकणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही तो समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

'हौशी' कोण होते?

१८५४ साली मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. छायाचित्रकारांची भारतातली ही पहिली संस्था. इंग्रज लष्करी आणि मुलकी अधिकारी, व्यापारी आणि मोजके उच्चभ्रू भारतीय तिचे सभासद होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक. कॅमेरा महाग, रसायने महाग, वेळ तर त्याहून महाग. 'हौशी छायाचित्रकार' या शब्दाचा अर्थ तेव्हा असा होता, की ज्याला पोटासाठी राबावे लागत नाही.

या हौशी मंडळींनी काय टिपले? विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून भारतातल्या हौशी छायाचित्रकारांसाठी फोटोंची एक मालिका काढली. मुंबईतले निरनिराळ्या जातींचे आणि धंद्यांचे लोक हा तिचा मोठा विषय. पुढे १८६० च्या दशकात जॉन्सनने मुंबईतल्या 'वंश आणि जमातीं'वर दोन खंड प्रसिद्ध केले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसांचे फोटो एकीकडे घेतले आणि मागची दृश्ये दुसरीकडून आणून चिकटवली. त्यानंतर सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात काढले. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. माणसे बहुतेक ठिकाणी जातीच्या आणि जमातीच्या नावाखाली मांडलेली.

याचा समाजशास्त्रीय अर्थ नीट लक्षात घ्या. जातिव्यवस्थेने माणसाची ओळख जन्मावर ठरवली होती. वसाहतवादी कॅमेऱ्याने ती मोडली नाही, कागदावर छापून पक्की केली. माणूस नमुना झाला. ज्याचा फोटो निघाला त्याला नाव मिळाले नाही, ज्याने काढला त्याचे नाव पुस्तकावर आले. बघणारा एक आणि बघितला जाणारा दुसरा, अशी ही विभागणी झाली. आपण दीडशे वर्षे बघितले जाणाऱ्यांच्या बाजूला उभे होतो.

महाडने काय ठरवले?

आता दुसरा धागा पाहू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे कागदावर खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने ते पाणी प्राशन केले, तेव्हा कागद खरा झाला.

त्यानंतर सवर्णांनी जे केले, ते फोटो काढणाऱ्या प्रत्येक तरुणाने लक्षात ठेवावे. मारहाण तर त्यांनी केलीच. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मध्ये विरोधक कोर्टात गेले. त्यांचा दावा काय होता? हे तळे सार्वजनिक नाहीच, ते खासगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही फार जुनी वहिवाट आहे. हा खटला दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती वहिवाट सिद्ध झालेली नाही असा निर्णय दिला आणि बाबासाहेब जिंकले.

युक्ती ओळखीची वाटते ना? माणसाला हाकलता येत नसेल, तर जागेचीच व्याख्या बदलायची. सार्वजनिक तळ्याला खासगी म्हणायचे. आज सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून कंपनीच्या फाटकाचा फोटो काढणाऱ्या पोराला रक्षक सांगतो, "ही प्रायव्हेट जागा आहे." फाटकाच्या आत खासगी, हे मान्य. पण रस्ता कोणाचा?

बाबासाहेबांनी महाडचा धडा संविधानात आणला. कलम १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत धर्म, जात, लिंग वा जन्मस्थानावरून कोणालाही अडवण्यास मनाई करते. कलम १९(१)(क) अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते आणि १९(२) त्याच्या मर्यादा सांगते. ही दोन कलमे एकत्र वाचा. पहिले म्हणते, तू रस्त्यावर उभा राहू शकतोस. दुसरे म्हणते, तिथे जे पाहिलेस ते सांगू शकतोस. कॅमेरा हे सांगण्याचेच साधन आहे. नुसते उभे राहण्याचा हक्क आहे पण पाहिलेले नोंदवण्याचा नाही, असे मानले तर सार्वजनिक जागेतला आपला नागरिक अर्धाच राहतो.

कॅमेरा आपल्या हातात

६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला मुंबईच्या रस्त्यांवर जो जनसागर लोटला, तो आज आपल्याला चालता-बोलता दिसतो, याचे मोठे श्रेय नामदेव व्हटकर यांना आहे. लेखक, गायक असलेल्या या आपल्याच माणसाने पदरमोड करून ती अंत्ययात्रा चित्रित केली. इतिहास घडत असताना तो दुसरा कोणीतरी नोंदवेल, या भरवशावर ते थांबले नाहीत. आज दर ६ डिसेंबरला ती दृश्ये आपण पाहतो. किती जणांना व्हटकरांचे नाव ठाऊक असते?

जगात इतरत्रही शोषितांनी हे ओळखले होते. अमेरिकेत गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस एकोणिसाव्या शतकातले सर्वाधिक छायाचित्रे काढून घेतलेले अमेरिकन मानले जातात. त्यांची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे सापडली आहेत. काळ्या माणसाची विद्रूप व्यंगचित्रे छापली जात होती, त्या काळात ते ताठ मानेने, गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्यासमोर बसत. फोटोग्राफीवर त्यांनी व्याख्यानेही दिली. बाबासाहेबांचा सुटाबुटातला, हातात पुस्तक घेतलेला फोटो आपल्या घराघरात का आहे, याचे उत्तर इथेही सापडते. जॉन्सनच्या पुस्तकातल्या निनावी नमुन्याला दिलेले ते उत्तर आहे.

आणि २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या मुलीने फुटपाथवर उभे राहून मोबाईलवर जॉर्ज फ्लॉइडचा खून टिपला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ती केवळ वैद्यकीय घटना होती. त्या चित्रफितीनंतर पोलीस अधिकारी दोषी ठरला. २०२१ मध्ये पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला. ती पत्रकार नव्हती. रस्त्यावर उभी असलेली एक नागरिक होती.

आता आपल्याकडे या. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलीस गोळीबारात आपले १० जण गेले. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असे पोलिसांनी सांगितले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, पण तोपर्यंत टँकरची गोष्ट देशभर पोचली होती. तेव्हा खिशाखिशात कॅमेरा नव्हता. आज आहे. म्हणूनच आज तो खिशातून बाहेर काढताना कोणीतरी हात धरतो.

सुधारक ओलवे यांचे काम या संदर्भात पाहावे. वृत्तपत्रात छायाचित्रकार असताना त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. गटारात उतरलेला माणूस त्यांच्या चित्रांत आहे, तसाच त्याचे घर आणि त्याचे कुटुंबही आहे. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महानगर ज्यांच्याकडे बघत नाही, त्यांच्याकडे शहराला बघायला लावणे हे चळवळीचेच काम आहे.

भिवंडीचा फोटो कोण काढणार?

वृत्तपत्रांतली भिवंडी आठवून बघा. १९७० ची दंगल, १९८४ ची दंगल, गोदामांच्या आगी, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमध्ये कोसळलेली जिलानी इमारत. बाहेरचा कॅमेरा इथे मृत्यूच्या दिवशी येतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. इमारत पडण्याआधीच्या भेगा कोण टिपणार? यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार, त्याच्या कानात शिरलेला कापसाचा भुगा, गोदामात पार्सले वाहणारी आपली शिकलेली पोरे, १४ एप्रिलला वस्तीत निळे झेंडे बांधणाऱ्या आया-बहिणी, तालुक्यातली लोनाडची बौद्ध लेणी आणि तिथे वंदना घेणारी मुले : हे भिवंडीतल्याच माणसाने टिपायला हवे. हौशी माणसाजवळ इथे एक ताकद आहे. त्याला संपादक नाही, अंतिम मुदत नाही. तो त्याच रस्त्यावर रोज परत येतो.

कायदा काय म्हणतो?

भीती अज्ञानातून येते, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढण्यास सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. संरक्षणविषयक व अधिसूचित प्रतिबंधित ठिकाणे, विमानतळ यांवर निर्बंध आहेत, ते पाळा. खासगी आवारात मालक मनाई करू शकतो. स्त्रीचे खासगी क्षण तिच्या संमतीविना टिपणे हा गुन्हा आहे आणि असायलाच हवा.

पोलीस ठाण्याचे काय? वर्धा येथील प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, की १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यातील 'प्रतिबंधित ठिकाण' या व्याख्येत पोलीस ठाणे बसत नाही. तिथल्या चित्रीकरणावरून त्या कायद्याखाली दाखल केलेला गुन्हा न्यायालयाने रद्द केला. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०५ पोलिसांनाच झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायला सांगते, तेही शक्यतो मोबाईलवर. पोलिसाच्या हातातला मोबाईल पुरावा आणि आपल्या हातातला मोबाईल संशय, हे कसे चालेल?

आपल्यासाठी याहून महत्त्वाचे म्हणजे ॲट्रॉसिटी कायदा. जातिवाचक अपमानाचा गुन्हा सिद्ध करताना तो 'लोकांच्या दृष्टीस पडेल' अशा ठिकाणी झाला का, यावर खटला अडतो. अशा वेळी चित्रफीत साक्षीदार होते. पण मूळ फाईल आणि मूळ मोबाईल जपून ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार मूळ उपकरणाऐवजी प्रत सादर करायची तर प्रमाणपत्र लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या प्रतीवर खटला उभा राहत नाही. याच कायद्याचे कलम १५-अ(१०) ॲट्रॉसिटी खटल्यांच्या कामकाजाचे चित्रीकरण करावे असे सांगते. आपल्यापैकी किती जणांनी कोर्टात तशी मागणी केली?

हक्कासोबत जबाबदारी

एक कठीण गोष्टही बोलली पाहिजे. २००६ मध्ये खैरलांजीनंतर मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्यांनी झोपलेल्या समाजाला जागे केले, हे खरे. पण सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे यांना आपण कोणत्या अवस्थेत जगासमोर ठेवले, याचाही विचार व्हावा. आपल्या माणसांचे फोटो केवळ मार खाल्लेल्या, मेलेल्या देहांचे असतील तर आपणही जॉन्सनच्याच रांगेत जाऊन बसू. फोटो काढण्याआधी विचारा. ज्याचा काढला त्याला दाखवा. त्याचे नाव त्याच्या परवानगीने लिहून ठेवा. ज्याला नाव उघड होण्याचा धोका आहे त्याचा चेहरा झाका. 'कोणाला विचारून?' हा प्रश्न सत्तेने विचारला तर तो अडवणूक असतो. फोटोतल्या माणसाने विचारला तर तो त्याचा हक्क असतो.

स्वतःचे श्रमही ओळखा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत किंवा मोबदला घेऊन काढलेल्या फोटोंचे अपवाद सोडले, तर फोटोचा पहिला मालक तो काढणाराच असतो. तो हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जयंतीच्या मिरवणुकीचा तुमचा फोटो कोणी बॅनरवर नाव न देता छापला, तर ती चोरी आहे, मग छापणारा नेता आपला असला तरी. व्हटकरांचे नाव विसरणाऱ्या समाजाने निदान पुढच्या पिढीची नावे विसरू नयेत.

मित्रांनो, प्रत्येक विहारात एक कपाट आणि एक हार्ड डिस्क एवढीच सुरुवात पुरे. वस्तीतल्या जुन्या फोटोंच्या प्रती काढा, मागे तारीख, ठिकाण, माणसांची नावे लिहा. मुलींच्या हातात कॅमेरा द्या, कारण रस्त्यावर उभे राहून पाहण्याची मुभा त्यांना सगळ्यांत कमी आहे. बाबासाहेबांनी पाणी प्यायले ते तहान लागली म्हणून नव्हे, माणूस म्हणून असलेला हक्क बजावण्यासाठी. आपणही फोटो केवळ लाईकसाठी काढू नये.

जयभीम! जय संविधान!