भरता न येणारा पीडीएफ अर्ज संगणकावर कसा भरावा?

शासकीय संकेतस्थळावरून अर्जाचा नमुना उतरवून घ्यावा, संगणकावर उघडावा आणि नावाच्या रकान्यात क्लिक केल्यावर काहीच घडू नये, हा अनुभव आता सार्वत्रिक झाला आहे. मग अर्ज छापायचा, पेनाने भरायचा, पुन्हा स्कॅन करायचा आणि ई-मेलने पाठवायचा. ज्याच्या घरी प्रिंटर नाही त्याला झेरॉक्सच्या दुकानात खेपा घालाव्या लागतात आणि दुकानातील संगणकावर त्याचा आधार क्रमांक, पॅन व बँक खात्याचा तपशील मागे राहण्याचा संभव असतो. ही यातायात बहुतेक वेळा टाळता येते व त्यासाठी विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. मात्र हातातील फाइल कोणत्या जातीची आहे, हे आधी ओळखले पाहिजे.

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले आणि २००८ मध्ये ते आयएसओ ३२००० या नावाने आंतरराष्ट्रीय मानक ठरले. कोणत्याही यंत्रावर पान अगदी सारखेच दिसावे, हा त्यामागील हेतू होता. पानावरचा मजकूर बदलता यावा, हा हेतू नव्हता. अशा फाइलमध्ये वाक्ये आणि परिच्छेद नसतात. अक्षराची कोणती आकृती पानावर नेमक्या कोणत्या जागी उमटवायची, याच्या सूचना असतात. भरता येण्याजोग्या रकान्यांची सोय १९९६ मधील आवृत्तीत आली खरी, पण ते रकाने अर्ज तयार करणाऱ्याने मुद्दाम घालावे लागतात. तेवढी तसदी फार थोडी कार्यालये घेतात.

फाइलची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते. रकान्यात क्लिक केल्यावर कर्सर लुकलुकू लागला, तर अर्ज भरण्याजोगा आहे आणि प्रश्नच मिटला. कर्सर येत नाही, पण छापील शब्दांवरून माउस ओढल्यास ते निवडले जातात, तर अर्ज वर्डसारख्या प्रणालीत तयार करून नुसता पीडीएफ केलेला आहे. शब्दही निवडले जात नसतील, तर ते केवळ कागदाचे छायाचित्र आहे. याखेरीज एक चौथा प्रकार क्वचित भेटतो. ब्राउझरमध्ये उघडल्यावर अर्जाऐवजी ‘कृपया प्रतीक्षा करा’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश दिसतो आणि कितीही वाट पाहिली तरी पुढे काही येत नाही. ही फाइल बिघडलेली नसून एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीची असते. ती संगणकावर उतरवून अडोबी रीडरमध्ये उघडली की चालते.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारच्या अर्जांवर उपाय एकच: मूळ मजकुराला हात न लावता त्याच्यावर लिहायचे. अडोबीच्या मोफत रीडरमध्ये ‘फिल अँड साइन’ हे साधन आहे. त्यात हव्या त्या जागी क्लिक करून टाईप करता येते, बरोबरची खूण टाकता येते आणि एकेका चौकोनात एकेक अक्षर बसवण्याचीही सोय आहे. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये २०२२ पासून पीडीएफवर मजकूर लिहिता येतो, तर मॅक संगणकावर प्रिव्ह्यू पुरेसा आहे. इंग्रजीतून भरायच्या अर्जाचे काम येथे संपते.

मराठीतून भरायचा असेल, तर खरी अडचण येथून सुरू होते. लिहिण्याच्या साधनाकडे देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. फॉन्ट असूनही अक्षरजुळणीची व्यवस्था नसेल, तर जोडाक्षरे सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. (एका चौकोनात एक अक्षर, असे नमुने मुळात रोमन लिपीसाठी आखलेले असतात, ‘ज्योत्स्ना’ हे नाव किती चौकोनांत लिहायचे, हे कोणताच अर्ज सांगत नाही.) गोव्यात हा प्रश्न हौसेचा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राज्याची राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली.

यावर खात्रीचा उपाय थोडा ओबडधोबड आहे. अर्जाच्या पानाचे स्पष्ट चित्र करून घ्यावे. ३०० डीपीआय इतकी स्पष्टता पुरते. वर्ड किंवा मोफत मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये ए-फोर आकाराचे कोरे पान उघडून ते चित्र पानभर बसवावे आणि ‘मजकुराच्या मागे’ ही मांडणी निवडावी. मग रकान्यांच्या जागी कडा व रंग नसलेले टेक्स्ट बॉक्स ठेवून त्यांत युनिकोड मराठीत टाईप करावे आणि शेवटी सगळे पीडीएफ म्हणून जतन करावे. पहिल्या पानाला वेळ लागतो, पुढची भराभर होतात. ही युक्ती स्कॅन केलेल्या अर्जालाही तशीच लागू पडते.

पुष्कळ लोक याऐवजी पीडीएफचे वर्डमध्ये रूपांतर करू पाहतात. वर्डच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्या पीडीएफ थेट उघडतात, पण अर्जातील तक्ते विस्कटतात आणि मराठी मजकुराची तर रया जाते. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी आकृत्यांच्या मागे रोमन अक्षरांचे संकेतांक असतात. रूपांतर होताच पडद्यावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे येतात. युनिकोडमध्ये केलेला अर्जही पुष्कळदा सुटत नाही, कारण पीडीएफमध्ये आकृत्यांचा क्रम जपलेला असतो, उच्चाराचा नव्हे. शिवाय रूपांतरात अर्जाच्या छापील मजकुरातील एखादा शब्द गळला, तर कार्यालय तो अर्ज विहित नमुन्यात नाही म्हणून परत करू शकते.

भरलेली फाइल पाठवण्यापूर्वी तिची ‘प्रिंट टू पीडीएफ’ने नवी प्रत काढावी. वर लिहिलेला मजकूर पुष्कळदा पानाचा भाग नसून त्यावर डकवलेल्या टिपणासारखा असतो. दुसऱ्या प्रणालीत तो दिसेलच असे नाही, आणि समोरच्या कारकुनाला अर्ज कोराच आलेला दिसतो. नव्या प्रतीत दोन्ही एकजीव होतात. ती एकदा मोबाइलवर उघडून पाहावी.

स्वाक्षरीचे छायाचित्र चिकटवणे सोपे आहे, पण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ज्याला डिजिटल किंवा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी म्हणतो, ती ही नव्हे. ते चालेल की नाही, हे कार्यालयाला विचारूनच ठरवावे. त्याच कायद्याचे नववे कलमही लक्षात ठेवण्याजोगे आहे: शासकीय कार्यालयाने कागदपत्र इलेक्ट्रॉनिक रूपात स्वीकारलेच पाहिजे, असा हट्ट धरण्याचा हक्क नागरिकाला मिळत नाही. मृत्युपत्र तर या कायद्याच्या कक्षेबाहेरच आहे.

कोरे रकाने भरणे आणि छापील मजकूर बदलणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कार्यालयाने दिलेला दाखला, उतारा किंवा गुणपत्रिका यांतील एक अंकही बदलू नये. बनावट इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज हा कागदी बनावटीइतकाच गुन्हा आहे. डिजिटल स्वाक्षरी असलेल्या दाखल्यात किंचित बदल झाला, तरी पडताळणीत तो उघड होतो. परवलीच्या शब्दाने कुलूपबंद केलेला अर्ज आला, तर कुलूप तोडणारी साधने शोधण्यापेक्षा देणाऱ्याकडून दुसरी प्रत मागावी.

‘पीडीएफ मोफत भरा’ अशी जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळांबाबत फार सावध राहावे. तेथे अर्ज चढवणे म्हणजे नाव, जन्मतारीख, पत्ता, पॅन आणि स्वाक्षरी एकत्र बांधून परक्याच्या स्वाधीन करणे होय. वर सांगितलेली सर्व साधने स्वतःच्या संगणकावर चालतात. सोबत आधारची प्रत जोडायची असेल आणि पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल, तर शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते.

हा सारा खटाटोप नागरिकाच्या वाट्याला येतो तो अर्ज प्रसिद्ध करणाऱ्याच्या आळसामुळे. लिबरऑफिस रायटरमध्ये रकाने घालून भरण्याजोगा पीडीएफ काढणे हे सरावलेल्या कर्मचाऱ्याचे तासाभराचे काम आहे. स्कॅन केलेला अर्ज दृष्टिहीन व्यक्तीच्या स्क्रीन रीडरला वाचताच येत नाही, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या ४२ व्या कलमानुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर दिव्यांगांना सुगम असणे अपेक्षित आहे. अर्ज दुसऱ्या प्रकारचा असेल, म्हणजे शब्द निवडता येत असतील, तर त्याची मूळ वर्ड फाइल बहुधा कार्यालयातील कोणत्यातरी संगणकावर असतेच. ती ई-मेलने मागता येते.